तोंडाला लावणं म्हणजे खाणं नव्हे

आधीच कबूल करून टाकते, म्हणजे माझ्या पाठीमागं हसायला कुणाला जागा नको. बुरुलला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा झाडू घेऊन तिला हाकलायला निघाले होते! आमच्या ओश शहरातल्या मुलांच्या दवाखान्यात मी खाली दाराशी कोट सांभाळते. येणाऱ्यानं कोट द्यायचा, बिल्ला घ्यायचा आणि वर जायचं. त्या दिवशी वरून शिट्टीचा आवाज यायला लागला. जिन्यातून डोकावते तर काय, एक उंच काटकुळी बाई तोंडात मातीची शिट्टी धरून बोळात येरझाऱ्या घालतेय, आणि मागं पोरांची रांग, बदकाच्या पिल्लांसारखी. शिट्टी तरी कसली, डोंगरातली गुराखी पोरं वाजवतात तसली. मला वाटलं, बाजारातली कुणी शिट्टीवाली माल खपवायला वर घुसली.

"ए बाई," मी ओरडले, "दवाखाना आहे हा, जत्रा नाही! उतर खाली!"

ती थांबली नाहीच. चालता चालताच म्हणाली, "एजे," म्हणजे ताई, "झाडू आणलाच आहात तर माझ्या खोलीपासून सुरुवात करा. डावीकडची शेवटची."

अशी आमची ओळख! दम्याच्या मुलांचा श्वास मोजायला आलेली ती नवी नर्स होती. आणि शिट्टी कशाला, तर शिकवायला. जोरात फुंकलं तर शिट्टी किंचाळते, हळू फुंकलं तर मुकी राहते. एका लयीत, न घाबरता, लांब फुंकलं तरच ती गुंगुं करून गाते. तिच्या मशीनला तसलाच श्वास लागतो.

आमच्याकडे मुलीवर मुली झाल्या की एखादीचं नाव बुरुल ठेवतात. म्हणजे 'आता वळ'. ही चौथी. बापानं नाव ठेवून नशिबाला वळायला सांगितलं. नशीब काही वळलं नाही, पाचवीही मुलगीच झाली. पण ही बया मात्र तेव्हापासून जी वळवळतेय ती अजून थांबलेली नाही. बसलेली बुरुल मी पाहिलेलीच नाही. चहा उभ्यानं, जेवण खिडकीपाशी, आणि माझ्याशी गप्पा मारायला आली की माझ्या खुंट्यांवरचे कोट उगाच इकडचे तिकडे. मी म्हणते, "अगं, तुझ्या अंगात काय घोडी शिरलीय?" तर म्हणते, "शिरलीय, आणि तिला लगाम घालणारा अजून जन्माला यायचाय." चाळिशी आली तरी तोंड तसंच!

आणि हिचं काम काय, तर पोरांना स्थिर बसवायचं. आहे की नाही गंमत?

काम तसं सोपं, पण नाजूक. दम्याच्या पोरांच्या श्वासनळ्या आतून सुजतात. बाहेरून काही कळत नाही, पोरगं हसत-खेळत असतं. पण सुजलेली नळी नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू जास्त सोडते, तो उच्छ्वासातून बाहेर येतो, आणि तोच ते मशीन मोजतं. आकडा मोठा तर सूज मोठी. औषधाचा पंप रोज नीट घेतला की आकडा उतरतो. पोरानं नळी तोंडात धरायची, आत श्वास ओढायचा आणि एकसारखा सोडायचा. पडद्यावर फुगा दिसतो. जोर जास्त झाला तर फुगा ढगात, कमी झाला तर जमिनीवर. मध्येच तरंगत राहिला पाहिजे.

"आजोबांचा चहा निववतेस ना, तसं," बुरुल सांगते. "पेल्यात लाट उठता कामा नये. लाट उठली तर आजोबांच्या मिशा भिजतील."

पोरगं फुंकतं, आणि ही समोर स्वतःचा श्वास धरून उभी. तोंड लालबुंद, पाय जमिनीवर टपटप. पोरं मशीनकडं कमी आणि हिच्याकडंच जास्त बघतात. एकदा एकानं विचारलंसुद्धा, "एजे, तुम्हालाच दमा आहे का?"

नियम मात्र कडक. यायच्या आधी तासभर काही खायचं नाही, पळायचं नाही. आणि त्या दिवशी हिरवा पाला किंवा बीट तर नाहीच नाही, कारण त्यानंही आकडा चढतो, नळी बिचारी ठणठणीत असली तरी. दारात आल्या आल्या बुरुलचा पहिला प्रश्न, "खाल्लंय का काही?" आणि नाही म्हटलं की मगच नळी हातात.

आता एप्रिलमधली गोष्ट सांगते.

तुमार म्हणून एक पोरगी यायची, सात-आठ वर्षांची, दोन दात पडलेले. तिचा बाप नूरमात आणि आई मॉस्कोत कामाला, पोरगी डोंगराकडच्या गावात आजी-आजोबांकडं. आजी कालबूबू, मोठी ठसक्याची बाई, डोक्यावर पांढरा रुमाल आणि आवाज असा की मेंढ्यांनीही ऐकावं. उन्हाळ्यात हे म्हातारा-म्हातारी कळप घेऊन वर जाइलूवर जातात, गवताच्या पठारावर, आणि थंडी पडल्यावरच उतरतात. गेल्या साली तुमारला दम्यामुळं नेलं नव्हतं. इथं ओशमध्ये आजीच्या बहिणीकडं ठेवली होती. पोरीनं सगळा उन्हाळा खिडकीत बसून काढला. कुणाशी भांडली नाही, कुणाशी बोललीही नाही. आमच्याच गल्लीत ते घर, म्हणून मला माहीत.

हिवाळ्यात मात्र पंप नियमानं घेतला आणि आकडा छान उतरला. एर्गेशोव डॉक्टर म्हणाले, "एप्रिलमध्ये पुन्हा मोजू. असाच राहिला तर वर घेऊन जा. चढला तर नाही. वर दवाखाना नाही, डॉक्टर नाही, पोरगी घुसमटली तर काय करणार?" खरंच होतं ते.

तर आदल्या रात्री बहिणीकडं मुक्काम करून त्या सकाळी आजी-नात आल्या. तुमार कोट काढायच्या आधीच सांगायला लागली, "झूरा एजे, आमच्या घोडीला पिल्लू झालंय! आजोबा म्हणाले, वर गेल्यावर त्याचं नाव मीच ठेवायचं!" आजोबांचा फोन तर आजीच्या खिशात सारखा वाजत होता. म्हाताऱ्याला दम नाही. "काय म्हणाले डॉक्टर? येताय का नाही? घोडे उभे आहेत!"

"अजून कोटच काढतोय!" कालबूबू फोनमध्ये ओरडली.

वर गेल्या. मी खाली कोट लावतेय, आणि थोड्या वेळानं वरून आवाजच नाही. ना शिट्टी, ना बुरुलचा. मग जिन्यावर कालबूबूचं रडणं ऐकू आलं, आणि तुमार एकेक पायरी मोजल्यासारखी उतरत आली.

आकडा चढला होता. थोडाथोडका नाही, हिवाळ्याच्या दुप्पट. डॉक्टरांनी मान हलवली. पंपाचा डोस वाढवायचा, आणि पोरगी ओशमध्येच राहील.

फोन पुन्हा वाजला. कालबूबूनं उचलला नाही.

मी कोट काढायला वळले तोच बुरुल जिन्यावरून आली, एकेका उडीत दोन-दोन पायऱ्या उतरत. "थांबा. कोट देऊ नका, एजे. मला हे पटत नाही."

"तुला काय पटतं कधी?" मी म्हणाले.

"छातीत आवाज नाही. खोकला नाही. रात्री नीट झोपते. मग आकडा आला कुठून?" ती कालबूबूभोवती फेऱ्या घालायला लागली. "आपा, पंप देता ना रोज?"

"नातीच्या डोक्यावर हात ठेवून सांगते, देते."

"चूळ भरता नंतर?"

"भरते की. विचार पोरीला."

"धूर? दृष्ट काढायला आद्रश्मानचा पाला जाळला का घरात?"

"जाळत होते, तू ओरडल्यापासून बंद केलं. आता शेजारणीची पोरंसुद्धा दृष्ट लागून मरतील, त्याचं पाप तुझ्या डोक्यावर."

"चालेल, मी घेते. खाल्लं काय सकाळी?"

"काही नाही! तूच म्हणालीस, खाऊ नका. पोरगी उपाशी आणलीय, बघ कशी दिसतेय, मेंढीच्या कातड्यासारखी."

हे ऐकून तुमारला, रडतारडता, हसू आलं. तोंड उघडलं. आणि पडलेल्या दातांच्या शेजारच्या दातावर हे एवढं हिरवं पान!

बुरुलनं पोरीची हनुवटी धरली. "आपा. हे काय आहे?"

"ते होय? ते काही नाही. निघताना तोंडाला लावलं."

"काय लावलं?"

"समसा. हिरवी."

आता एप्रिलमध्ये आमच्याकडं घराघरात हिरव्या पाल्याची समसा होते. पालक, कोवळी कांद्याची पात, शेताच्या बांधावरचा पाला, सगळं चिरून पारीत भरायचं आणि तंदूरला लावायचं. हिवाळ्याचं रक्त साफ होतं म्हणतात. आणि दुसरी गोष्ट अशी, की आमच्याकडं कुणाच्याही दारातून काही तोंडाला न लावता निघता येत नाही. एक तुकडा तरी. नाही लावलं तर घराचा अपमान आणि वाटेचा अपशकुन.

"मी विचारलं, खाल्लं का!" बुरुल किंचाळली.

"आणि मी सांगितलं, नाही! तोंडाला लावणं म्हणजे खाणं असतं का? लाज नाही वाटत असलं विचारायला? तू कुठली आहेस, जर्मनीची?"

"किती लावलं?"

"जरासं."

"तुमार, किती?"

तुमारनं हातानं दाखवलं. आजीच्या लेखी 'जरासं' म्हणजे अर्धी समसा. आणि ही एका घरातली, आजीच्या बहिणीकडची. पुढं शेजारच्या दारात, मग कोपऱ्यावरच्या म्हातारीनं हाक मारली म्हणून तिथं. चालत दवाखान्यापर्यंत येईतो पोरीनं हिरव्या पाल्याचा वाफाच खाल्ला होता, आणि आजीच्या मते ती उपाशी होती. इमानदारीनं, हां! कालबूबू खोटं बोलणारी बाई नव्हे.

बुरुल धाडधाड वर गेली. मी कान दिला. (कोट काही पळून जात नव्हते.)

"पुन्हा मोजायचं, डॉक्टर."

"मशीनचा सेन्सर ठरावीक वेळाच मोजतो, आता संपत आलाय, बुरुल. नवा कधी येईल माहीत नाही. प्रत्येकजण पाला खाऊन येईल आणि तू दोनदा मोजशील, तर बाकीच्या पोरांचं काय?"

"एकदाच. उद्या."

"आणि उद्या पुन्हा तोंडाला लावलं तर?"

"नाही लावणार."

"ओशमध्ये? एप्रिलमध्ये?" डॉक्टर हसले. हसण्यासारखंच होतं. "बरं. उद्या सकाळी एकदा. जो आकडा येईल तो शेवटचा. मग माझ्याशी वाद नाही."

"वाद मी कधी घालते?" बुरुल म्हणाली. मी खाली हातातला कोटच सोडला.

त्या दिवसभर बुरुलनं माझा जीव खाल्ला. पहारा माझ्यावर, कारण गल्ली माझी. "झूरा एजे, बघा हं. रात्री शेवया, मांस, दूध, पाव. हिरवं काही नाही. आणि सकाळी काहीच नाही." मी संध्याकाळी दोनदा त्या घरी जाऊन आले, एकदा मीठ मागायला आणि एकदा मीठ परत द्यायला. कालबूबू म्हणाली, "झूरा, तुझ्या घरात मिठाचं झालंय तरी काय?" तुमार भिंतीला टेकून बसली होती. मला हळूच विचारलं, "एजे, पिल्लाला उद्या दुसऱ्या कुणी नाव ठेवलं तर?" मी म्हणाले, आजोबांना दुसरं नाव सुचतच नाही, सगळ्या घोड्यांना ते 'घोडा' म्हणतात. हसली, पण नीट नाही.

सकाळी बुरुल दारात हजर, सूर्याआधी. उभ्या उभ्या हातांची बोटं मोडत होती. आम्ही चौघी निघालो, आणि कालबूबूची बहीण उलकान समसाचं ताट घेऊन दारात आडवी.

"तोंडाला लाव, बाळा."

"नाही," बुरुल म्हणाली.

"नाही? माझ्या घरातून? या वेळेला? पोरगी एवढ्या मोठ्या वाटेला लागणार आणि नाही?" उलकानचे डोळे भरून आले. कालबूबूचा चेहरा असा झाला, की आता दवाखाना राहिला आणि बहिणीबहिणींचं जन्माचं वैर सुरू झालं.

बुरुलनं ताटातली समसा उचलली, मोठा लचका तोडला, चावून गिळला आणि म्हणाली, "तिच्या वतीनं."

उलकाननं डोळे पुसले. "हे चालतं?"

"चालतं. मी नर्स आहे."

आता ह्याचा त्याच्याशी काय संबंध, पण उलकान बाजूला झाली.

पुढच्या दाराशी शेजारीण. "तिच्या वतीनं." कोपऱ्यावरच्या म्हातारीनं तर दोन दिल्या, एक जाण्याची आणि एक येण्याची. "तिच्या वतीनं, तिच्या वतीनं." ओढ्याच्या कडेनं गेलो, म्हटलं तिकडं घरं कमी, तर तिथं नानवाई तंदूरमधून गरम पाव काढत होता आणि तो कालबूबूच्या नात्यातला निघाला! बुरुलचं पोट फुगलेलं, तोंडाला तेल, आणि तरी आमच्यात सगळ्यात पुढं तीच. "चला, चला! पळू नका! पळलं तरी आकडा बदलतो! पण चला!" आता सांगा, पळायचं नाही आणि चालायचं पण तिच्या वेगानं? मी धापा टाकत होते. तुमार मात्र हसत होती, तिच्या वाटची प्रत्येक समसा दुसरीच्या पोटात जाताना बघून.

दवाखान्यात मी कोट घेतले, पण खुंटीला लावलेच नाहीत. गोळा करून हातातच धरले आणि जिन्याच्या खाली उभी राहिले. कालबूबू पायरीवर बसली, उठली, पुन्हा बसली. तिचा फोन वाजला. या वेळी तिनं उचलला आणि तसाच धरून ठेवला. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज, "हॅलो? हॅलो? कालबूबू? घोडे..."

वरून काही नाही. मग शिट्टीचा गुंगुं. ती तालीम. मग पुन्हा काही नाही. मशीन विचार करायला वेळ घेतं, मला माहीत आहे, पण त्या दिवशी मला वाटलं ते झोपलं.

आणि मग वरून धप्! काहीतरी पडलं. बुरुल उडी मारताना खुर्चीला धडकली होती.

आकडा हिवाळ्यात होता तेवढाच. त्याहून एक कमीच. डॉक्टर दारात आले, गंभीर तोंड करून म्हणाले, "वर घेऊन जा. पंप रोज, एक जादा पंप खोगिराच्या पिशवीत. शेणाच्या चुलीपाशी पोरीला बसवायचं नाही. आणि जरा घरघर वाटली तर लगेच खाली. आपा, लगेच म्हणजे लगेच. चहा पिऊन नाही."

"ऐकलंस?" कालबूबूनं फोनमध्ये विचारलं. पलीकडून घोडा खिंकाळल्यासारखा आवाज आला. म्हातारा होता की घोडा, मी सांगू शकत नाही.

तुमार माझ्या हातातल्या कोटांच्या ढिगात डोकं खुपसून उभी राहिली. रडली असेल. मी बघितलं नाही, माझंच नाक वाहत होतं.

तुम्हाला वाटेल, आता झालं, आता कोट घालून घरी. पण कालबूबू डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "चला, आता परत सगळ्या दारांना."

"का?" बुरुलनं विचारलं. भिंतीला टेकून उभी होती, एक हात पोटावर.

"पोरीनं तोंडाला काही लावलं नाही. एका दारात नाही! एवढा डोंगर चढायचा, नदी ओलांडायची, आणि ही अशी कोरडी निघाली? मोजून झालं ना तुझं? आता लावू दे."

"मी खाल्लं की तिच्या वतीनं. सगळ्या दारांत."

"तुझं तोंड वेगळं, तिचं तोंड वेगळं."

"उलकान आपांना चाललं."

"उलकान भोळी आहे. लहानपणी तिला बकरीसुद्धा फसवायची."

"आपा, मी आता आणखी एक घास खाल्ला तर इथंच मरेन. त्या दारांना पुन्हा गेलो तर मलाही खायला लावतील."

"मग तू नको येऊस. पण हे चालत नाही. एकानं खाल्लेलं दुसऱ्याला लागू होत नाही. असं कुठं असतं?"

बुरुल भिंतीपासून सुटली. मी ओळखलं, आता हिला सुचलं.

"आपा, ईदला तुमचा नूरमात घरी होता?"

"तो मॉस्कोत. कसा असेल?"

"त्याच्या वाट्याचं मांस कुणी खाल्लं?"

"मी. आणखी कोण खाणार? आई आहे मी त्याची. ताट त्याचं वाढलं, नाव घेतलं, आणि खाल्लं."

"तोंड कुणाचं?"

"माझंच की."

"मग त्याला पोचलं?"

"पोचलं म्हणजे? का नाही पोचणार?" कालबूबू पेटली. "त्याच रात्री फोन आला, म्हणाला, आई, आज का कुणास ठाऊक भूकच नाही. पोचलं नाही म्हणे!"

"म्हणजे मॉस्कोपर्यंत पोचतं," बुरुल म्हणाली, "आणि हिच्यापर्यंत नाही? ही तर माझ्या शेजारून चालत होती."

कालबूबूनं तुमारकडं पाहिलं, बुरुलच्या पोटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं, म्हणजे मी काहीतरी बोलावं म्हणून. मी कोटाची गुंडी तपासत होते.

"काय उभी आहेस, झूरा?" ती शेवटी माझ्यावरच खेकसली. "पोरीचा कोट दे. उशीर होतोय."